मोटरच्या पाटीवरचे १४४० आणि स्पिंडलचे खरे फेरे

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही शेडमध्ये जा आणि मोटरवरची पाटी फडक्याने पुसून बघा. एचपी, व्होल्ट, अँपिअर आणि त्यांच्याच ओळीत बहुतेक वेळा १४४० हा आकडा दिसेल. मिस्त्रीला विचारलं, "मशीन किती आरपीएमला चालतंय?" तर तोही तेवढंच सांगेल. मोटर १४४० ची आहे हे खरं, पण या क्षणी ती १४४० नेच फिरते आहे का, आणि पट्ट्यापलीकडचं स्पिंडल किती फिरतंय, याचं उत्तर पाटीवर नसतं. ते मोजावं लागतं. त्यासाठीचं साधन म्हणजे टॅकोमीटर. बोलण्यात त्याला आरपीएम मीटर म्हणतात. नाव ग्रीक, 'ताखोस' म्हणजे वेग. जमीन मोजणीतलं टॅकिओमीटर हे वेगळं उपकरण. सिव्हिल आणि मेकॅनिकलची पोरं एकाच खोलीत राहत असतील तर या दोन नावांवरून गोंधळ ठरलेला.

आधी हे १४४० येतात कुठून ते पाहू. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. चार पोलच्या मोटरमध्ये चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतं. दोन पोल असतील तर ३०००, सहा असतील तर १०००, आठ असतील तर ७५०. इंडक्शन मोटरचा रोटर या क्षेत्राच्या मागे धावतो, पण त्याला कधीच गाठत नाही. गाठलं तर रोटरमध्ये वीजच निर्माण होणार नाही आणि ओढ संपेल. हा मागे पडण्याचा फरक म्हणजे स्लिप. १५०० मधून ६० वजा, म्हणजे चार टक्के स्लिप, की झाले १४४०. पण हा पूर्ण लोडवरचा आकडा. मोकळी चालवली तर तीच मोटर १४९० च्या आसपास फिरेल, आणि लोड जास्त झाला किंवा व्होल्टेज पडलं तर १४४० च्याही खाली येईल.

पुढे पट्टा आणि पुली. मोटरची पुली १०० मिमी आणि मशीनची २०० मिमी, तर हिशोबाने ७२० फेरे यायला हवेत. प्रत्यक्षात पट्टा थोडा घसरतो. सपाट पट्ट्यात दोन-तीन टक्के तर सहज जातात. जुना, तेल लागलेला पट्टा असेल तर किती जातात ते मोजल्याशिवाय कळत नाही.

पाऱ्याच्या पेल्यापासून

फेरे मोजायची गरज वाफेच्या इंजिनाने आणली. जेम्स वॅटने १७८८ मध्ये फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला. तो वेग सांभाळायचा, पण किती आहे ते सांगायचा नाही. इंग्लंडमधल्या ब्रायन डॉन्किनने त्यावर उपाय काढला. पारा भरलेला पेला यंत्राने फिरवायचा. फिरताना पारा कडेला चढतो आणि मध्ये खळगा पडतो. त्या खळग्यावर रंगीत द्रव भरलेली काचेची नळी. वेग वाढला की नळीतली पातळी उतरते. या युक्तीसाठी त्याला १८१० मध्ये सोसायटी ऑफ आर्ट्सचं सुवर्णपदक मिळालं. जर्मनीत डीड्रिख उल्हॉर्नने १८१७ च्या सुमाराला स्वतःचा टॅकोमीटर तयार केला.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि पुढे कडबा कापायची यंत्रं व लोखंडी नांगर बनवले. ही यंत्रं हाताने किंवा बैलाने चालणारी. तिथे फेरे मोजायचा प्रश्न नव्हता. तो आला ऑइल इंजिन आणि विजेची मोटर आल्यावर.

गव्हर्नरच्या गोळ्यांनाच काटा जोडला की सेंट्रिफ्युगल टॅकोमीटर होतो. जुन्या यंत्रशाळांत तो लाकडी पेटीत ठेवलेला असायचा. त्याच्या डायलवर सुरुवातीचे आकडे दाटीने आणि पुढचे मोकळे छापलेले दिसतात, कारण गोळ्यांवरचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट. ही गोष्ट लक्षात ठेवा, ग्राइंडरच्या चाकाशी आपण पुन्हा तिच्याकडे येणार आहोत.

त्याहून साधं साधन म्हणजे फेरे मोजणारा काउंटर आणि घड्याळ. शाफ्टच्या टोकाच्या सेंटरमध्ये काउंटरची टोकदार दांडी दाबायची, मिनिटभर धरायची आणि आकडा वाचायचा. यात वेग नाही, नुसती मोजणी होते. म्हणूनच ते फारसं चुकत नाही. चुकतो तो दाबणारा माणूस.

गाडीतला काटा

राजदूत ३५० ज्यांनी चालवली आहे त्यांना स्पीडोमीटरशेजारचा दुसरा गोल डायल आठवत असेल. जुन्या गाड्यांत इंजिनकडून एक वळवळणारी केबल त्या डायलमध्ये यायची. केबलच्या टोकाला चुंबक आणि त्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. चुंबक फिरलं की वाटीत भोवरे-प्रवाह तयार होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला अडवते. ओढ आणि स्प्रिंग जिथे बरोबरीला येतात तिथे काटा थांबतो. ऑटो शुल्झे या जर्मन माणसाने १९०२ मध्ये याच तत्त्वाच्या स्पीडोमीटरचं पेटंट घेतलं होतं. काटा थरथरतोय असं दिसलं तर बहुतेक वेळा केबल कोरडी पडलेली असते किंवा कुठेतरी मुडपलेली असते, डायल बिघडलेला नसतो.

पुढे केबल गेली आणि पल्स मोजणं आलं. चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. त्या मोजल्या की फेरे कळले. डिझेलमध्ये ठिणगीच नाही, म्हणून तिथे अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून सिग्नल घेतात. यात एक मेख आहे. हा काटा खरं तर अल्टरनेटरचे फेरे मोजतो आणि पुलीच्या प्रमाणावरून इंजिनचे दाखवतो. अल्टरनेटर बदलताना वेगळ्या मापाची पुली बसली किंवा पट्टा घसरायला लागला, तर इंजिन ठीक असूनही काटा खोटं बोलतो.

आताच्या गाड्यांत क्रँकशाफ्टवर दातांचं चाक असतं आणि समोर सेन्सर. बऱ्याच इंजिनांत हे चाक ६० दातांचं, पण त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले. ती मोकळी जागा आली की कॉम्प्युटरला क्रँक नेमका कुठे आहे ते कळतं. या सेन्सरने दगा दिला तर इंजिन सुरूच होत नाही. अशा वेळी स्टार्टर मारताना डायलकडे बघा. इंजिन फिरतंय पण आरपीएमचा काटा जागचा हलत नाही, तर संशय आधी याच सेन्सरवर घ्यावा. सगळ्याच गाड्यांत ही खूण मिळत नाही, पण मिळाली तर अर्ध्या दिवसाची शोधाशोध वाचते.

साठ दातांची सोय कारखान्यातही वापरतात. साठ दातांच्या चाकासमोर मॅग्नेटिक पिकअप लावला की सेकंदाला जितके पल्स, तितकेच मिनिटाचे फेरे. गुणाकार-भागाकार नाही. साखर कारखान्याच्या टर्बाइनसारख्या ठिकाणी फेऱ्यांवर सतत नजर ठेवावी लागते आणि ठरलेली मर्यादा ओलांडली तर वाफ आपोआप बंद व्हावी लागते. तिथे पिकअपची ही पद्धत सोयीची पडते.

जनरेटरवाल्यांसाठी

चार पोलचा जनरेटर १५०० फेऱ्यांवर ५० हर्ट्झ देतो. म्हणजे पॅनेलवरचा फ्रिक्वेन्सी मीटर हाच टॅकोमीटर आहे. हर्ट्झला ३० ने गुणा, फेरे मिळाले. ५२ हर्ट्झ दिसले तर इंजिन १५६० वर, ४८ दिसले तर १४४० वर. साधा मेकॅनिकल गव्हर्नर असलेला सेट मोकळा चालताना ५२ आणि पूर्ण लोडवर ५० दाखवत असेल तर त्यात बिघाड नाही, गव्हर्नरचा स्वभावच तसा असतो. पण मोकळ्यावर ५० ला बांधून ठेवला तर लोड आल्यावर तो खाली बसतो. लग्नाच्या हॉलमध्ये सगळे एसी लागले की दिवे का पेंगतात याचं एक कारण हे.

जुन्या पॅनेलवर हा मीटर पत्त्यांचा असतो. बारीक पोलादी पत्त्यांची एक रांग, प्रत्येकीची कंप पावायची गती वेगळी. जिची गती जुळते ती थरथरून रुंद दिसते. हेच तत्त्व वापरून नुसत्या कंपावरून फेरे सांगणारे टॅकोमीटरही निघाले. ते मशीनच्या अंगाला टेकवायचे, शाफ्टला हात लावायची गरज नाही.

हातातला लेझर मीटर आणि त्याच्या खोड्या

आज बहुतेक शेडमध्ये मिळतो तो हातातला डिजिटल मीटर. शाफ्टवर चमकणाऱ्या टेपचा एक तुकडा चिकटवायचा, लाल ठिपका त्यावर धरायचा, आकडा येतो. मशीनला हात लागत नाही, ही मोठी सोय. पण आकडा डिजिटल दिसला की माणूस त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो, आणि गडबड तिथेच होते.

मीटर फेरे मोजत नाही, चकाकी मोजतो. शाफ्ट स्वतःच घासून चकचकीत झालेला असेल, की-वे चमकत असेल किंवा जुन्या टेपचा तुकडा राहिला असेल, तर एका फेऱ्यात दोन चमका जातात आणि १४४० चे २८८० होतात. कधी तीन चमका, कधी अडीच हजारांच्या आसपास नाचणारा आकडा. उपाय सोपा आहे. शाफ्टचा तेवढा भाग काळ्या मार्करने किंवा काळ्या टेपने झाका आणि मगच एक चमकती पट्टी लावा. दुपारचं ऊन थेट शाफ्टवर पडत असेल तर हाताने आडोसा करा. ठिपका थोडा तिरका धरा. आकडा बरोबर दुप्पट किंवा निम्मा वाटला तर मशीनवर शंका घेण्याआधी टेप बघा.

टेकवून मोजायच्या मीटरला रबरी टोक असतं. ते शाफ्टच्या सेंटरमध्ये सरळ धरावं लागतं. तिरकं धरलं किंवा हलकं दाबलं तर ते घसरतं आणि फेरे कमी दाखवतं. लहान मोटरवर जोरात दाबलं तर मोटरच मंदावते. याच मीटरला छोटं चाक लावलं की पट्ट्याचा धावण्याचा वेग, मीटर प्रति मिनिट, थेट मिळतो. ढगळ बाही आणि गळ्यातला गमछा घेऊन हे काम करू नये, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

तिसरा प्रकार स्ट्रोबोस्कोप. ठरावीक वेळाने लुकलुकणारा दिवा. दिव्याची लुकलुक आणि शाफ्टचा फेरा जुळला की शाफ्ट थांबल्यासारखा दिसतो. एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टनने १९३० च्या दशकात तो कारखान्यांत वापरण्याजोगा केला. यातही फसवणूक आहे. १५०० ने फिरणारा शाफ्ट ७५० लुकलुकींनाही स्थिर दिसतो, ५०० लाही दिसतो. म्हणून मीटर नेहमी वरून खाली आणायचा. आधी दोन-दोन खुणा दिसतील, मग पहिल्यांदा जिथे एकच खूण स्थिर होईल तो खरा वेग. वरपर्यंत जाता येत नसेल तर लागोपाठचे दोन स्थिर आकडे घ्या, त्यांचा गुणाकार करा आणि त्यांच्या फरकाने भागा. ७५० गुणिले ५००, भागिले २५०, उत्तर १५००.

चोकवाली जुनी ट्यूबलाइटही सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. तिच्या उजेडात विशिष्ट वेगाला फिरणारा लेथचा चक थांबल्यासारखा किंवा सावकाश उलटा फिरल्यासारखा दिसू शकतो. पंखा असा दिसला तर गंमत वाटते. चक असा दिसला आणि कोणी हात पुढे केला तर गंमत राहत नाही. म्हणून लेथवर वेगळा साधा दिवा लावायची पद्धत होती. याच लुकलुकीचा चांगला उपयोग ग्रामोफोनवाले करायचे. तबकडीवर १८० रेघांची चकती ठेवायची, ट्यूबखाली रेघा स्थिर दिसल्या की यंत्र बरोबर ३३⅓ ला. ७८ च्या तबकडीसाठी ७७ रेघा. घरात आजोबांची नाट्यसंगीताची ठेव असेल तर पेटीत अशी चकती सापडेलही.

फेरे चुकले तर

सगळ्यात महाग पडतं ते ग्राइंडिंग. प्रत्येक चाकावर जास्तीत जास्त आरपीएम छापलेला असतो आणि तो चाकाच्या कडेच्या वेगावरून ठरतो. चार इंची हँड ग्राइंडर साधारण ११००० ने फिरतो. सात इंची कटिंग डिस्कची मर्यादा बहुतेक वेळा ८५०० च्या आसपास, म्हणजे कडेला सेकंदाला ८० मीटर. "मोठी डिस्क लवकर कापते" म्हणून गार्ड काढून सात इंची डिस्क चार इंची मशीनला लावणारे लोक आपल्या आसपासच आहेत. तेव्हा कडेचा वेग सेकंदाला १०४ मीटरच्या घरात जातो. वेग तीस टक्के वाढला, पण फाडणारा जोर वर्गाने वाढतो, म्हणजे जवळजवळ ६८ टक्के. गार्ड तर आधीच काढलेलं. डिस्क फुटते तेव्हा तुकडे समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर येतात. डिस्क घेताना मशीनवरचा आरपीएम आणि डिस्कवरचा आरपीएम शेजारी शेजारी वाचायला दहा सेकंद लागतात. डिस्कवरचा आकडा मशीनपेक्षा कमी असेल तर ती डिस्क लावायची नाही. बेंच ग्राइंडरचंही तेच. २८८० च्या मोटरवर २०० मिमीचं चाक सेकंदाला ३० मीटरच्या आसपास राहतं, २५० मिमीचं लावलं तर जवळजवळ ३८ ला जातं. साध्या चाकांची मर्यादा बऱ्याचदा ३३ किंवा ३५ असते.

वडगाव-खासबागेत आणि इचलकरंजीत यंत्रमागाचा वेग पिकांत मोजतात. साध्या मागावर क्रँकशाफ्टचा एक फेरा म्हणजे धोट्याची एक फेक, एक पिक. मिनिटाला १५० पिक आणि इंचाला ५२ पिकांचं कापड, तर न थांबता तासाला साधारण ४.४ मीटर. पट्टा घसरून पाच टक्के फेरे गेले की ४.२ सुद्धा होत नाही. मजुरी कापडाच्या मीटरवर असेल तर हे पाच टक्के विणकराच्या पगारातून जातात, आणि माग तर दिवसभर चालूच दिसतो. क्रँकशाफ्टवर टेपचा एक तुकडा लावून महिन्यातून एकदा मोजलं तर हा वाद मालक आणि कामगार दोघांसाठीही मिटतो.

शेतीपंपाचंही असंच. फेरे कमी झाले तर पाणी त्याच प्रमाणात कमी होतं, पण पाणी चढवायची उंची वर्गाने कमी होते. दहा टक्के फेरे गेले तर उंची एकोणीस टक्के गेली. व्होल्टेज पडलेल्या रात्री मोटर चालू असते, आवाज येतो, पण वरच्या वाफ्यात पाणी चढत नाही, याचा उलगडा पंपाच्या पात्यांत शोधण्याआधी फेऱ्यांत शोधावा. मळणी यंत्रात ड्रम जास्त फिरला तर दाणा फुटतो, कमी फिरला तर कणसात राहतो.

जुना ट्रॅक्टर घेताना सगळे तास बघतात. केबलवर चालणाऱ्या जुन्या मीटरमध्ये हे तास घड्याळाचे नसतात, इंजिनच्या फेऱ्यांचे असतात. ठरलेल्या एका आरपीएमला तो मीटर घड्याळाबरोबर चालतो. इंजिन त्याहून हळू फिरलं तर मागे पडतो. हळू वेगावर जास्त राबलेला ट्रॅक्टर म्हणून कमी तासांचा दिसतो. आणि केबल तुटली तर तास तिथेच थांबतात, ट्रॅक्टर मात्र चालतच राहतो. इंजिन सुरू करून ॲक्सिलरेटर द्या आणि काटा हलतोय का ते बघा. हलत नसेल तर त्या तासांना काही अर्थ नाही. त्याच डायलवर पीटीओ ५४० ची खूणही असते, म्हणजे इंजिन तिथे ठेवलं की मागची दांडी ५४० फेऱ्यांनी फिरते. रोटाव्हेटर किंवा फवारणी पंप चालवताना काटा मेला असेल तर ती खूण निरुपयोगी ठरते.

मीटर बरोबर आहे का?

ऑडिट असलेल्या कारखान्यांना एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेतून मीटर तपासून घ्यावा लागतो. लहान शेडसाठी एक घरगुती ताळा आहे. चोकवाली ट्यूबलाइट अजून कुठे लागलेली असेल तर उजेडावर चालणारा मीटर तिच्याकडे धरा. अनेक मीटर तिची लुकलुक पकडतात आणि ६००० दाखवतात, सेकंदाला १०० म्हणजे मिनिटाला ६०००. ग्रिडने राखायचा पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झचा आहे, म्हणजे आकडा ५९८८ ते ६००६ च्या मध्ये यायला हवा. फार बाहेर गेला तर मीटरची बॅटरी बदलून पुन्हा बघा. एलईडी पट्टीवर किंवा इलेक्ट्रॉनिक चोकवर हा ताळा लागत नाही, आणि लाइट जनरेटरवर असेल तर तुम्ही मीटर नाही, जनरेटरचं इंजिन तपासत असता.